माझ्याबरोबर सासरी आलेली पग

मला पाहायला पाहुणे येणार होते त्या दिवशी आईनं कुत्रीला मागच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. "शेतकरी माणसं आहेत. आधी मुलगी पाहू दे त्यांना," ती म्हणाली. यवतमाळातलं आमचं घर लहान. मागच्या खोलीत कुणी कूस बदलली तरी बैठकीत कळायचं, आणि आमची कुत्री पग जातीची. चेहरा चपटा, नाक जवळपास नाहीच, त्यामुळे जागी असली की घुरघुर आणि झोपली की घोरणं. पाहुणे अधूनमधून त्या बंद दाराकडे पाहत होते. आत कुणी आजारी म्हातारं माणूस आहे असं त्यांना वाटलं, हे नवऱ्यानं मला पुढे कधीतरी सांगितलं.

माझी काकू पाण्याचे ग्लास आणायला त्या खोलीत गेली आणि दार उघडं राहिलं. कुत्री बाहेर आली. फिकट बदामी अंग, काळं तोंड, कपाळावर आठ्यांचं जाळं आणि पाठीवर वळवून ठेवलेली शेपटी. तिनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, माझ्याजवळ आली नाही, आईजवळ गेली नाही, सरळ मुलाच्या वडिलांकडे गेली. पांढरं धोतर, भरघोस मिशा, मोठ्या अंगाचा माणूस. त्यांच्या पायाच्या पंज्यांवर तिनं हनुवटी टेकली आणि दोन मिनिटांत घोरायला लागली.

आई उठायला लागली तर त्यांनी हातानंच थांबवलं. "राहू द्या. झोपली हाये ते." चहा झाला, पोहे झाले, बोलणी झाली, त्या माणसानं पाय हलवला नाही.

मुलाला काही विचारायचं का, मुलीला काही विचारायचं का, असं झाल्यावर मी म्हणाले, "मला एक सांगायचं आहे. ही कुत्री माझ्याबरोबर येईल. आणि ती घरात राहील, अंगणात नाही. अंगणात ती जगणार नाही."

आईनं मान खाली घातली. वडील उगाच खिडकीबाहेर पाहायला लागले. मुलगा हसू दाबत होता. त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला पहिला प्रश्न विचारला, "खाते काय ते?"

"दहीभात, उकडलेलं अंडं, तिचं विकत मिळणारं खाणं."

"आमच्या चुलीवर अंडं नाई शिजत."

"मी बाहेर शिजवीन."

मामंजी म्हणाले, "पोरगी आधी सांगून तरी राह्यली. हे बरं हाये. दोन म्हशी हायेत, बैलजोडी हाये, त्यात हे एक खेळणं." आणि मगच त्यांनी हळूच पाय काढून घेतला.

अशी मी दारव्हा तालुक्यात, बोरी अरबला, कुत्रीसकट नांदायला आले.

कुत्री आमच्या यवतमाळच्या घरी आली तेव्हा मी बी.एड. करत होते. वडिलांच्या ऑफिसातल्या साहेबांची बदली झाली आणि नव्या शहरात त्यांना कुत्रं ठेवणं जमणार नव्हतं, म्हणून ते पिल्लू आमच्याकडे आलं. माझ्या आयुष्यात तोवर जे कुणी होतं त्याला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. आईला स्वयंपाकात मदत, वडिलांना मार्क, मैत्रिणींना नोट्स. या कुत्रीला फक्त मी ज्या खोलीत आहे त्या खोलीत असायचं होतं. मी उठले की ती उठायची, मी बसले की ती बसायची. न्हाणीच्या दाराबाहेरसुद्धा बसून राहायची. पगचा स्वभावच तसा. त्याला राखण येत नाही, शिकार येत नाही. माणसाजवळ असणं हेच त्याचं काम. हट्टी म्हणाल तर अशी, की जायचं नसेल त्या दिशेला चारही पाय रोवून बसेल, आणि खादाड म्हणाल तर जेवण झाल्या झाल्या पुन्हा उपाशी असल्याचा चेहरा करेल.

गावात पहिले आठ-दहा दिवस लोक नवरी पाहायला कमी आणि कुत्री पाहायला जास्त आले. टीव्हीवर फोनच्या जाहिरातीत असलं कुत्रं सगळ्यांनी पाहिलेलं, म्हणून तिला नाव पडलं 'फोनवालं कुत्रं'. "हे का खरंच कुत्रं हाये व?" शेजारच्या काकू विचारायच्या. "माकडावानी दिसून राह्यलं." एक आजोबा रोज यायचे, काठी टेकून उभे राहायचे आणि म्हणायचे, "कोनी मारलं याच्या तोंडावर?" आमच्या अंगणात एक गावठी कुत्रा होता, उंच, करडा, एका कानाचा तुकडा गेलेला. तो पहिल्या दिवशी तिला हुंगून गेला, शिंकला आणि पुन्हा गोठ्याच्या दारात जाऊन पडला. तिनंही त्याला कधी त्रास दिला नाही.

सासूबाईंनी एकच नियम घालून दिला होता. स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायचा नाही. कुत्रीनं तो नियम कसा पाळला ते सांगते. ती उंबरठ्याशी जायची, पुढचे पाय बाहेर ठेवायची आणि फक्त हनुवटी उंबरठ्यावर टेकून आत पाहत राहायची. सासूबाई भाकरी थापायच्या आणि ती पाहायची. सासूबाई पाठ करून बसल्या तरी पाहायची. एकदा मी न राहवून हसले तर सासूबाई म्हणाल्या, "हसू नको. ते आत नाई आली ना? मंग." पण त्या दिवसापासून भाकरीच्या कडेचा एक तुकडा वेगळा निघायला लागला.

मामंजींना वेगळीच अडचण होती. पारावर लोक त्यांची थट्टा करायचे. भुंकत नाही, राखण करत नाही, मग पाळली कायले? एका संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी मला विचारलं, "सूनबाई, हे जात कुठची हाये म्हंते तू?"

मी त्यांना वाचलेलं सांगितलं. की ही जात फार जुनी, चीनमधली. तिथल्या बादशहांच्या महालात हे कुत्रे असायचे, आणि फक्त मांडीवर बसायचे. त्यांच्या दिमतीला माणसं असायची. कपाळावरच्या आठ्या अशा लागायच्या की त्यांच्या लिपीतलं 'राजा' हे अक्षर उमटल्यासारखं दिसलं पाहिजे, असं सांगतात. मग हॉलंडचे व्यापारी आले, त्यांच्या जहाजांतून हे कुत्रे युरोपात गेले, आणि तिकडच्या राजवाड्यांतही मांडीवरच बसले. आपल्याकडे आले ते अगदी परवा-परवा.

मामंजी ऐकत होते. कुत्री त्यांच्या पायाशी होती. त्यांनी वाकून तिच्या कपाळावरचं अक्षर दिसतं का ते पाहिलं. चष्मा आणायला लावला, पुन्हा पाहिलं.

"हाये," ते म्हणाले. "आडव्या तीन रेघा आन मधून एक उभी. हाये ना?"

मला तिथं नुसत्याच आठ्या दिसत होत्या. मी "हो" म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून पारावरची थट्टा बंद झाली. मामंजींनी तिथं काय सांगितलं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. चीनच्या बादशहाला युद्धावर जाताना हिचा सल्ला लागायचा. हॉलंडच्या जहाजावर हिच्या पूर्वजांसाठी वेगळी खोली होती. काठीवाले आजोबा आता तिला पाहून म्हणायचे, "राणीसाहेब, जेवन झालं का?"

तिच्या गळ्यातल्या पट्ट्याचं मला बरेच दिवस काहीतरी करायचं होतं. पगच्या गळ्याला पट्टा बांधून ओढला की आधीच अरुंद असलेला श्वास अडकतो, आणि डोळे बाहेर आलेले असतात, त्यांच्यावरही ताण येतो. छातीवरून बांधायचा पट्टा हवा. गावात बैलांच्या झुली आणि पट्टे शिवणारे एक चाचा होते. मामंजी तिला घेऊन त्यांच्याकडे गेले, मीही गेले. चाचांनी तिला हात लावला नाही. नमाजाची वेळ झाली होती, पुन्हा हातपाय धुऊन वजू करावा लागला असता. त्यांनी मामंजींच्या हातात दोरा दिला. "पाटील, आप नापो, मैं बोलता हूँ. आगे के पाँव के पीछे से. ढीला रखो, साँस लेने दो." लाल-निळ्या सुती निवारीचा पट्टा त्यांनी असा शिवला, की आजवर तो कुठे काचला नाही. आत मऊ कापडाचं अस्तर लावलं होतं. ते मी सांगितलं नव्हतं. "बैलाच्या मानेला लावतो ना, तसंच," ते म्हणाले.

मला दारव्ह्याच्या एका शाळेत नोकरी लागली. सकाळी एसटीनं जायचे, दुपारी परत. त्यामुळे कुत्रीचं बरंचसं सासूबाईंकडे आलं. मी आदल्या दिवशी सगळं सांगून ठेवायचे. तोंडावरच्या घड्या रोज पुसायच्या, आणि पुसून कोरड्या करायच्या, नाहीतर ओल राहून वास येतो, चट्टे पडतात. डोळ्यात कचरा गेला का पाहायचं. जास्त खायला द्यायचं नाही, कारण या जातीचं वजन फार लवकर वाढतं आणि वजन वाढलं की श्वास आणखी कोंडतो. कपाशीवर फवारणी झाली असेल तर शेतात न्यायचं नाही, पंप धुतलेल्या पाण्याजवळही नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, उन्हात नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकून अंग थंड करतं. हिच्या नाकाची नळी इतकी लहान की तेही तिला धड जमत नाही. तापलीच तर आधी अंग ओलं करून थंड करायचं, तोंडात पाणी ओतायचं नाही, आणि मग दवाखाना.

सासूबाई हे सगळं तांदूळ निवडत ऐकायच्या, मान वर न करता. त्यांच्या कानात किती जातंय मला कळायचं नाही. मग एकदा मी लवकर घरी आले तर त्या मामंजींच्या जुन्या मऊ धोतराचा तुकडा बोटाला गुंडाळून तिच्या नाकावरची घडी पुसत होत्या. कुत्री डोळे मिटून बसली होती.

"लहान लेकराच्या मांडीच्या वळ्या पुसतो तसंच हाये," त्या म्हणाल्या. "यात कायचं शिक्षन."

त्यानंतरचा उन्हाळा आमच्या भागातल्या उन्हाळ्यासारखाच होता, म्हणजे सकाळी नऊलाच डांबर मऊ. एप्रिल संपत आला होता. मी निकालाच्या कामाला शाळेत होते. शेतात धसकटं वेचायला बाया लावलेल्या. सासूबाई त्यांच्यासाठी शिदोरी घेऊन निघाल्या. फाटकाची कडी नीट बसली नसावी. गावाबाहेर पडून बरंच अंतर गेल्यावर त्यांना मागून ओळखीची घुरघुर ऐकू आली. वळून पाहिलं तर कुत्री. मी घरात नसले की ती सासूबाईंच्या मागे मागे असायची, आणि तिच्या लेखी त्यात घर आणि शेत असा फरक नव्हता.

पुढचं मला त्या दिवशी शेतात असलेल्या बायांनी सांगितलं. सासूबाईंनी शिदोरी रस्त्यातच एका बाईकडे दिली, कुत्रीला उचललं, पदरात घेतलं आणि गावाकडे न वळता शेताकडे धावत गेल्या. साठी ओलांडलेली बाई. शेत जवळ होतं, तिथं कडुनिंब होता, पाण्याचा ड्रम होता. झाडाखाली ठेवलं तोवर कुत्रीची जीभ जांभळी पडली होती. तोंडातून चिकट लाळ येत होती आणि पाय उभे राहत नव्हते. एक बाई म्हणाली, "गेली व माय ते." दुसरी म्हणाली, तोंडात पाणी ओता.

"तोंडात नाई," सासूबाई ओरडल्या. "नाक कुठं हाये तिले! गुदमरून मरन." त्यांनी पोटावर पाणी ओतलं, काखेत ओतलं, पंजांवर ओतलं. लुगड्याचा पदर भिजवून मांड्यांच्या मधे ठेवला. एका बाईला सुपानं वारा घालायला लावलं. जिभेला फक्त ओलं बोट लावत राहिल्या. पदर गरम झाला की पिळून पुन्हा भिजवायच्या. मधेच कुणाच्या तरी फोनवरून मुलाला बोलावलं. "गाडी घेऊन ये. पेट्रोल पाहून ये," एवढंच बोलल्या.

माझा नवरा आला तेव्हा कुत्रीचा श्वास थोडा लांब झाला होता. त्याला लगेच निघायचं होतं. सासूबाईंनी निघू दिलं नाही. "थांब. अंग अजून तापलेलं हाये." त्यांनी आणखी पाणी घातलं, हात लावून पाहिलं, आणि मगच ओल्या कापडात गुंडाळून मोटरसायकलवर मागे बसल्या. दारव्ह्यापर्यंत मांडीवर कुत्री, एका हातानं तिला धरलेलं आणि दुसऱ्या हातानं बाटलीतलं पाणी थोडं थोडं कापडावर. चेहऱ्यावर पदर नाही, डोक्यावर पदर नाही. आमच्या घरातली कुठलीही बाई तोवर तशी दारव्ह्याच्या बाजारातून गेली नव्हती.

मी शाळेतून धावत दवाखान्यात पोचले तेव्हा कुत्रीला सलाइन लावलं होतं. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. लुगडं छातीपर्यंत ओलं, पायात चपला नाहीत. मला पाहून म्हणाल्या, "मले वाटलं फाटक लागलं हाये."

मी काही बोलणार तोच डॉक्टर बाहेर आले. "हिला पाणी कोणी घातलं?"

सासूबाई घाबरल्या. "म्या घातलं. चुकलं का?"

"चुकलं नाही. आधी थंड केलं आणि मग आणलं, म्हणून ही जिवंत आहे. लोक तापलेलं जनावर तसंच गाडीवर टाकून आणतात, ते रस्त्यातच जातं." मग त्यांनी विचारलं, "आजी, तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हे सांगत राह्यते रोज. मी तांदूळ निवडत असतो तवा."

मला रडू आलं आणि त्याच वेळी माझी मान ताठ झाली. माझ्या शिकवण्यानं एवढं काही कुणाच्या उपयोगी पडल्याचं शाळेत मी कधी पाहिलं नव्हतं.

कुत्री चौथ्या दिवशी घरी आली. दुपारी स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी घरात सगळ्यांत गार असते. सासूबाईंनी स्वतः तिला उचललं, उंबरठ्याच्या आत नेलं आणि माठाच्या शेजारी ओलं गोणपाट टाकून त्याच्यावर झोपवलं. मामंजींनी दारातून पाहिलं आणि परत गेले. त्यानंतर त्या घरात कुत्रीला बंद असं कुठलंच दार राहिलं नाही. फक्त फाटकाला मामंजींनी दुसरी कडी बसवून घेतली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, मुलं आपापले लाकडी बैल सजवून आणतात. त्या वर्षी मामंजी कुत्रीला घेऊन गेले. चाचांनी उरलेल्या झुलीच्या कापडाची एक छोटी झूल शिवून दिली होती, आरसे लावलेली. संध्याकाळ होती, ऊन उतरलेलं. सगळ्या लाकडी बैलांमधून ही पाय रोवत, थांबत, घुरघुरत चालली होती आणि मामंजी मिशांतून हसत होते. उन्हातून वाचल्याची गोष्ट तोवर गावभर झाली होती. जो तो विचारत होता, पिल्लं कधी? मले एक पाह्यजे. मामंजींचा हात त्या दिवशी फार सैल होता. "देऊ ना! देऊ!" त्यांनी तलाठ्याला शब्द दिला, सरपंचाला दिला, बाभुळगावच्या व्याह्यांना, म्हणजे माझ्या नणंदेच्या सासऱ्यांना, फोनवर दिला. यवतमाळला एकाकडे नर पग असल्याची बातमीही काढून ठेवली.

रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनी ही योजना घरात मांडली. मी मनात शब्द जुळवत होते. मला माहीत होतं की या जातीत बाळंतपण सोपं नसतं. पिल्लांची डोकी मोठी, आईच्या कमरेचा सांगाडा अरुंद, श्वास आधीच कमी. बरेचदा पोट कापूनच पिल्लं काढावी लागतात. आणि हिला तर उन्हानं एकदा पार टोकापर्यंत नेऊन आणलं होतं. मी तेवढं सांगितलं.

मामंजी म्हणाले, "डॉक्टर हायेत ना. पैसे लागले तं लागू दे. शब्द देल्ला मी."

सासूबाई ताटं उचलत होत्या. त्या थांबल्या. "तुमी शब्द देल्ला," त्या म्हणाल्या. "तिनं देल्ला का?"

त्यांनी ताटं खाली ठेवली.

"म्या चार बाळंतपनं केली. दोन लेकरं हाती लागली. तवाही तुमच्या मायनं गावात सांगून ठेवलं होतं, यंदा नातू येनार म्हनून. मले कोनी इचारलं नव्हतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "या पोरीले मी मांडीवर घेऊन दारव्ह्याले गेली. आता गावाच्या हौसेपायी तिले टेबलावर नाई झोपवू देनार."

माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं होत आली होती आणि सासूबाईंची दोन बाळं गेल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होते. माझा नवराही पहिल्यांदाच ऐकत असावा, त्याच्या चेहऱ्यावरून तसं वाटलं. मामंजी बराच वेळ हात न धुता बसून राहिले. मग उठले, हात धुतले आणि ओट्यावर गेले.

सकाळी ते तलाठ्याकडे गेले, सरपंचाकडे गेले, व्याह्यांना फोन केला. शब्द मागे घेणं हे त्या माणसाला किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे. आम्हाला वाटलं ते काहीतरी निमित्त सांगतील. सरपंचाच्या घरी मीही बरोबर होते, त्यांच्या मुलीला काही पुस्तकं द्यायची होती. मामंजी दारातच उभे राहून म्हणाले, "पिल्लं नाई होनार. आमच्या घरच्या पोरीचा जीव आमाले जास्त हाये. तुमाले राग आला तं येऊ द्या." सरपंचांना राग आला नाही. त्यांनी चहा ठेवायला सांगितला.

दिवाळीनंतर, हवा थंड झाल्यावर, आम्ही तिचं ऑपरेशन करून घेतलं, चुकूनही पिल्लं होऊ नयेत म्हणून. बाळंतपणापेक्षा हा धोका कमी होता. यवतमाळच्या डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं की चपट्या नाकाच्या कुत्र्याला भूल देणं जोखमीचं असतं, शुद्धीवर येताना फार लक्ष ठेवावं लागतं, जीभ मागे पडायला नको. शुद्धीवर येईपर्यंत सासूबाई तिच्याजवळून हलल्या नाहीत. माझ्या आईनं घरून डबा आणला होता, तो तसाच राहिला. कुत्रीनं डोळा उघडला आणि पहिल्यांदा कुणाला पाहिलं असेल तर सासूबाईंना. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं का? वाटलं नाही. मी आणि माझी आई दवाखान्याच्या बाकावर बसून ते दारातून पाहत होतो, आणि आई हळूच म्हणाली, "बरं झालं तू त्या दिवशी पाहुण्यांसमोर बोललीस."

आता ती म्हातारी झाली आहे. काळ्या तोंडावर पांढरं आलंय, एका डोळ्याला दिसत नाही, जिना चढत नाही. उन्हाळ्यात तिची सकाळ उजाडण्याआधी सुरू होते आणि आठ वाजता संपते. मग कूलरसमोर नाहीतर माठाजवळ. माझी मुलगी तिच्या पाठीला टेकून अभ्यास करते. गावात आणखी दोन घरांत छोटी कुत्री आली आहेत, शहरातल्या मुलांनी आणून ठेवलेली. त्या घरच्या बाया सासूबाईंकडे विचारायला येतात. सासूबाई त्यांना आधी विचारतात, "घरात ठेवता का अंगनात?" अंगणात म्हटलं की त्या पुढचं काही सांगत नाहीत, आधी त्यांना घरी परत पाठवतात आणि कुत्रं आत घ्यायला लावतात.

मागच्या महिन्यात ग्रामपंचायतीसमोर रेबीजच्या लसीचं शिबिर होतं. शाळा सुटल्यावर मी तिथं पोचले तर रांग लांब होती. शेळ्यांचं लसीकरणही तिथंच चाललेलं, त्यामुळे सगळा गोंधळ. रांगेत सासूबाई उभ्या होत्या, कडेवर कुत्री, लाल-निळा पट्टा आणि डोक्यावर ओला रुमाल टाकलेला. त्यांच्या पुढे आमच्या गावठी कुत्र्याला दोरीला धरून मामंजी उभे होते. लस देणारा मुलगा नवीन होता, बाहेरगावचा. त्यानं कुत्रीकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या नऊवारीकडे पाहिलं.

"आजी, कोणाची आहे ही? मालकाला बोलवा."

"माही हाये," सासूबाई म्हणाल्या.

मी मागे चार पावलांवर होते. त्यांनी मला पाहिलं नव्हतं.

"पग आहे ना?" तो मुलगा म्हणाला. "जपावं लागतं यांना. उन्हात..."

"सुई कुठं देनार ते सांग," सासूबाई म्हणाल्या. "मानेवर दे. आन देल्ल्यावर थोडा वेळ इथंच बसतो मी सावलीत, सूज येते का पाहाले."

त्यानं सुई दिली. कुत्रीनं हूं की चूं केलं नाही. रांगेतल्या बायांनी वाट करून दिली आणि सासूबाई पिंपळाच्या पारावर जाऊन बसल्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी कुत्री माझ्या मांडीवर दिली, थोडा वेळ मानेवर सूज दिसते का पाहिलं, आणि हात सुटे झाल्यावर पिशवीतून पाण्याची बाटली काढून आधी तिचा रुमाल भिजवला.